करीन की करून

“वेलांटी आणि उकार! अख्खं घर खोकतंय, आणि तू वेलांटी-उकारात अडकून बसलीस!”

भावानं कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आणि उरलेला टेबलावर. टेबलावर एक वही उघडी होती. बहिणीनं ती चार बोटं मागे ओढली, ओघळाच्या वाटेत फडकं टाकलं आणि म्हणाली, “वहीवर सांडला असता.”

“सांडायलाच हवा होता. सगळी कटकट मिटली असती.”

“सांडायला हवा होता म्हणजे कुणी सांडायला हवा होता?”

“बघ! बघ हिचं!” भाऊ बायकोकडे वळला. “माझ्या गळ्याशी आलंय, आणि ही माझं व्याकरण तपासतेय.”

भावजय ओट्याशी उभी राहून सासूबाईंच्या वाफेच्या यंत्रात औषधाचे थेंब मोजत होती. तिनं मान वर केली नाही. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि तिथे ‘साधारण आठ थेंब’ असं काही नसतं. मध्येच चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि घरातल्या चारही खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. कारण आज वारा डेपोकडून होता.

डेपो म्हणजे कचरा डेपो. वस्तीच्या पाठीमागे आधी खड्डा होता, मग खड्डा भरला, मग ढीग झाला, आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर बघितलं की ढिगाचा माथा डोळ्याला डोळा भिडवून उभा असायचा. आत कुठेतरी तो कायम धुमसत असे. दोरीवर टाकलेला पांढरा टॉवेल संध्याकाळी पांढराच परत येईल अशी खात्री कुणी देत नव्हतं. सासूबाईंच्या छातीत दोन वर्षांपासून जे ठाण मांडून बसलं होतं त्याला मोठ्या दवाखान्यात लांबलचक नाव मिळालं होतं, पण घरात त्यालाही डेपोच म्हणत. “आज आईचा डेपो जोरात आहे,” भाऊ सकाळी म्हणाला होता.

आणि आठ दिवसांवर आमदारकीचं मतदान होतं.

भांडणाचं मूळ होतं ‘पाच प्रश्न’. गावातलं साप्ताहिक दर निवडणुकीला सगळ्या उमेदवारांना वाचनालयाच्या सभागृहात बोलवायचं. स्थानिक कामांबद्दल पाचच प्रश्न, सगळ्यांना तेच, उत्तराला दोन मिनिटं. पिण्याचं पाणी, बाजारातले गाळे, शाळेचं गळकं छप्पर, रुग्णालयाची बस आणि डेपो. जे बोलतील ते शब्दाला शब्द छापायचं. खोकला तेवढा गाळायचा, असा नियम होता. गेल्या सहा निवडणुका ही उत्तरं उतरवून घ्यायचं काम एकाच बाईकडे होतं: भावाच्या या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे भावजयीच्या वन्संकडे.

शनिवारी अंक आला. डेपोच्या प्रश्नावर, एका खासगी दवाखान्याच्या, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचं उत्तर ठळक छापलं होतं: ‘निवडून आल्यावर एका वर्षाच्या आत हा डेपो मी बंद करीन.’ वस्तीत लोकांनी ते कापून दारावर चिकटवलं. भाऊ डेपो हटाव समितीचा चिटणीस. समितीनं त्या एका ओळीवर चार हजार पत्रकं छापली आणि डॉक्टरांना पाठिंबा जाहीर केला. सोमवारी डॉक्टरांचं पत्र आलं. ‘मी असे वचन दिलेले नाही. माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला आहे.’ आज, मंगळवारी सकाळी, संपादकांचा फोन: “बाई, तुम्ही वही बघा आणि पाचच्या आत सांगा. तुम्ही म्हणाल ते मी छापतो. तुमच्यावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.”

“एक वाक्य बोलायचंय तुला फोनवर,” भाऊ म्हणाला. “‘वहीत करीन आहे.’ संपलं. तो डॉक्टर ‘ध’चा ‘मा’ झाला म्हणून ओरडतोय, ओरडू दे. त्याचे कान कुणीतरी भरलेत. आधी गाजावाजा करून बोलायचं आणि मग लोकांच्या तोंडाला पानं पुसायची!”

वहीच्या त्या पानावर वन्संनी भिंग धरलं होतं. भावजयीला हे नवीन होतं. स्वतःच्या वहीवर भिंग धरताना तिनं त्यांना बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला एक गोष्ट खटकली होती. घरात कुणी बोलायला लागलं की वन्संच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मांडीवर हलायचं. बारीक, भरभर, कापडावर मुंगी चालावी तसं. तिला वाटलं काही आजार असावा. मग नवऱ्यानं हसत सांगितलं, “आजार नाही, नोकरी आहे. ताई लिहून घेतेय.”

वन्सं एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. अठराव्या वर्षी सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत लघुलेखन शिकल्या. बेंचवर चौदा मुलगे आणि ही एकटी. शिकवणारे मास्तर एका कानानं बहिरे. ते म्हणायचे, “मला एकच कान आहे म्हणून मी नीट ऐकतो. तुम्हाला दोन आहेत, तुम्ही एकातून घेता आणि दुसऱ्यातून सोडता.” कोर्टात साक्षीदार रडायचे, वकील टेबलं बडवायचे, आणि कोपऱ्यात ही बाई खाली मान घालून रेघा ओढायची. तीन न्यायाधीश बदलून गेले, प्रत्येकानं जाताना सांगितलं की या कोर्टात एकच जण सगळं ऐकतो. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “एक बघायला आला होता. तासभरात सात वेळा ‘खरं सांगायचं तर’ म्हणाला. मग आधी काय सांगत होता?”

घरात त्यामुळे भांडायची चोरी झाली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भावजय रागानं नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही म्हणालात, माझ्या माहेरचे कधीच कामाला येत नाहीत!” नवरा म्हणाला, छे, मी असं म्हणालोच नाही. तर पलीकडून भाजी निवडता निवडता वन्सं म्हणाल्या, “‘कधीच’ नाही म्हणाला. ‘क्वचित’ म्हणाला. पण ‘माहेरचे’ म्हणाला नाही, ‘तुझ्याकडचे’ म्हणाला.” भांडण तिथेच मेलं, पण भावजयीच्या मनात अढी बसली. आपल्याच घरात आपली साक्ष होतेय असं तिला वाटायचं. मैत्रिणींना ती सांगायची, “आमच्याकडे जपून बोला गं बाई, नक्कल मिळते.” बाई कोरडी आहे, असं तिचं पक्कं मत होतं. लाकूड तरी पावसाळ्यात फुगतं, म्हणायची.

ते मत गेल्या बुधवारी संध्याकाळी वाचनालयात गळून पडलं.

भावजय डेपोचं काय होतंय ते ऐकायला गेली होती. माणूस माणसाला चिकटून उभा. वन्सं पहिल्या रांगेत, मांडीवर वही, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि डोळे मात्र वहीत नाहीत, बोलणाऱ्याच्या ओठांवर. तीनही उमेदवार बोलले, आत्ताचे आमदार, एक वकीलबाई आणि हे डॉक्टर. पेन थांबलं नाही, घाईही केली नाही. आमदार साहेब रेल्वेसारखे सुटले तरी पेन त्याच चालीनं, वकीलबाई शब्द शोधत थांबल्या की पेनही अधांतरी थांबायचं, कागदाच्या वर केसभर. भावजयीला तिच्या प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक आठवलं. डोळा लावला की आपण म्हणून कुणी उरत नाही, नुसतं बघणं उरतं. इथे नुसतं ऐकणं उरलं होतं. बारा वर्षं आपण ज्या बोटाला नावं ठेवली ते हे बोट, तिला वाटलं.

घरी येताना रिक्षात तिनं विचारलं होतं, “वन्सं, कोण खरं बोललं?”

“ते मला कसं कळणार? मी कोण काय बोललं तेवढंच सांगू शकते.” मग आपणहून: “आमदारांच्या वाक्यात कर्ता नसतो. ‘विचार चालू आहे’, ‘पाहणी झालेली आहे’, ‘मार्ग काढला जाईल’. पंधरा वर्षं ताकास तूर लागू दिलेली नाही. वकीलबाईंना कर्ता आहे, पण काळ नाही. ‘हा डेपो इथे असता कामा नये.’ बरोबर आहे, पण कधीपासून, आणि कुणी हलवायचा? डॉक्टर नवे आहेत. त्यांना अजून ‘मी’ म्हणायची सवय आहे.”

त्या ‘मी’वरच सगळं अडलं होतं. डॉक्टर डेपोच्या प्रश्नाशी आले तेव्हा सभागृह श्वास रोखून होतं. ‘एका वर्षाच्या आत हा डेपो मी बंद’ इथपर्यंत सगळ्यांनी स्पष्ट ऐकलं. पुढच्या शब्दाला टाळ्या पडल्या. अशा पडल्या की खिडक्यांच्या काचा वाजल्या, आणि भावजयीनंही हात दुखेपर्यंत वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत संपादकांनी पुढचा उमेदवार उभा केला होता. संपादकांच्या मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रण होतं. भावानं ते तीस वेळा ऐकलं. ‘बंद क’, आणि पुढे नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज.

“हे बघ,” वन्संनी वही भावाकडे वळवली. “ही रेघ दिसते?”

“मला काय कळतंय? कोंबडीचे पाय आहेत.”

“क, र, न. लघुलेखनात आधी व्यंजनं येतात, स्वर बाजूला टिंबानं नाहीतर डॅशनं दाखवायचे. घाईत ते गाळतात. ‘करीन’ लिहिलं तरी क-र-न, ‘करून’ लिहिलं तरी क-र-न. बाकीच्या वाक्यावरून वाचायचं.”

“मग वाच की! ‘डेपो मी बंद करीन.’ सरळ आहे.”

“मीही तसंच वाचलं. म्हणून तर तसं टाइप झालं.” वन्संनी भिंग खाली ठेवलं. “पण आमचे मास्तर म्हणायचे, ‘करीन’ला टिंब कधी गाळायचं नाही. करून, जाऊन, देऊन, ही रोजची हमाली आहे, ती चालवून घ्या. पण ‘करीन’ म्हणजे माणसानं शब्द दिला. दिलेल्या शब्दाला टिंब द्यायचं. चाळीस वर्षं झाली, मी ते गाळलेलं नाही. आणि इथे ते नाही.”

“टाळ्यांच्या गोंधळात राहिलं असेल!”

वन्संनी मागची पानं उलटायला घेतली. भावजय आठवा थेंब टाकून टेबलाशी आली. “थांबा,” ती म्हणाली, “मी मोजते.” हे तिचं काम होतं. काचेवर ठिपके मोजूनच ती पगार घ्यायची. वन्संनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवायचं आणि तिनं मोजायचं. पाणी, गाळे, छप्पर, बस. करीन, देईन, आणीन, पाहीन, राजीनामा देईन. आमदार साहेबांचं एकच टिंब, तेही ‘मी दोन मिनिटांतच संपवीन’ याला. वकीलबाईंची अकरा. डॉक्टरांची चौदा. त्यात बसच्या उत्तरातलं ‘मी स्वतः पाठपुरावा करीन’ हे डेपोच्या वर तीनच ओळी होतं: तीच रेघ, तोच हात, आणि बाजूला मोहरीएवढं, गोल, ठाम टिंब.

“सव्वीस,” भावजय म्हणाली. “एकही सुटलेलं नाही.”

माणसं घसा ताणून बोलत होती, मागे पोरं रडत होती, पंखा खडखडत होता, आणि या बाईनं सव्वीसच्या सव्वीस वचनं वेगळी काढली होती. मान खाली न घालता. भावजयीला एकदम वाटलं, या कागदावर आपलं संपूर्ण गाव आहे, आणि ते वाचता येणारं माणूस जगात एकच आहे आणि ते आपल्या टेबलाशी बसून सांडलेला चहा पुसतंय.

“मग टाइप करताना कसं चुकलात?” तिनं विचारलं. तिला टोचायचं नव्हतं, खरंच कळत नव्हतं. बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली की ती हाच प्रश्न विचारायची.

वन्संनी वही जवळ ओढली. “गुरुवारी सकाळी मी इथेच बसून टाइप करत होते. आई आत खोकत होती. तुम्ही दोघं कामावर. मी त्या ओळीशी आले तेव्हा आईला जोराची उबळ आली, मी जाऊन पाठीवरून हात फिरवला, परत आले, आणि टाइप केलं, करीन.” त्यांनी चष्मा काढला. “टिंब बघितलंसुद्धा नाही. ते मी वहीतून नाही घेतलं. मला जे हवं होतं ते घेतलं.”

वन्संचा आवाज नेहमीचाच होता, कोर्टात नक्कल वाचून दाखवतात तसा. पण भाऊ बोलायला लागला तरी बोट मांडीवर हललं नाही. भावजयीनं ते पहिल्यांदा थांबलेलं पाहिलं.

भाऊ हळू आवाजात म्हणाला, आता रागावून नाही, “ताई, ऐक. ही वही गावात तुझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. मास्तर गेले. कोर्टात आता यंत्रं आहेत. तू ‘करीन’ म्हणालीस की ते करीन आहे. डॉक्टर निवडून आला की आम्ही त्याला या एका ओळीवर धरून ठेवू. तू दुरुस्ती दिलीस तर पत्रकं माझ्या डोक्यावर, समिती तोंडावर आपटणार, आणि आई...” तो थांबला. “हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?”

“वाचणारं एकच माणूस आहे म्हणून तर,” वन्सं म्हणाल्या.

“म्हणून काय?”

“दुसरं कुणी वाचणारं असतं तर माझी चूक त्यानं पकडली असती. मला खोटं बोलायची सोय झाली असती. आता पकडणारीही मीच.”

हे कोडं भावाला सुटलं नाही. भावजयीला सुटलं, आणि तिनं ओट्याकडे तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आल्याचं तिला कुणाला दाखवायचं नव्हतं. लाकूड म्हणे!

“अगं, पण काय करून?”

आतल्या खोलीच्या दारात सासूबाई चौकट धरून उभ्या होत्या. एवढ्याशा, पाठीत वाकलेल्या, वाफ घेताना लागतो तो टॉवेल गळ्यात. घरात सगळ्यांना वाटत होतं त्या झोपल्यात.

“आई, तू उठलीस कशाला?”

“तुम्ही दोघं ओरडताय ते काय अंगाई म्हणून?” त्या धापा टाकत खुर्चीवर टेकल्या. “मला एक सांगा. तो ‘करीन’ म्हणाला नाही, ‘करून’ म्हणाला. बरं. करून काय? माणूस म्हणाला ‘जेवून’, आणि गप्प बसला, तर तो जेवला का? जेवून निघालाय, जेवून आलाय, का जेवून कंटाळलाय? पुढचं नको का कळायला? ‘एका वर्षाच्या आत हा डेपो मी बंद करून’... आणि? माझ्या दारात आणून ठेवणार आहे का?” आणि स्वतःच्याच विनोदाला हसता हसता त्यांना उबळ आली.

भावजयीनं पटकन यंत्र आणून नळी त्यांच्या तोंडाला लावली. यंत्र घुर्र करू लागलं. वाफेआडून सासूबाई लेकीकडे बघत होत्या, आणि लेक वहीकडे.

वन्संनी चष्मा परत चढवला. भिंग घेतलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं जुळवून त्या क-र-न च्या पुढे कागदावर टेकवली. बोटं तिथे बरोबर बसली. रेघ आणि पुढच्या उमेदवाराचं उत्तर यांच्या मध्ये नेमकी तेवढीच कोरी जागा होती.

“सोडलेली आहे,” त्या म्हणाल्या. स्वतःशीच.

“काय सोडलेलं आहे?” भाऊ म्हणाला.

“वाक्य पुरं झालं नाही की मी दोन बोटं जागा सोडते. पुढे कुणी पुरं केलं तर भरायला. साक्षीदार मध्येच रडले की सोडायचे.” त्यांनी बोटं उचलली नाहीत. “ते पुढे काहीतरी बोलणार होते. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

भावजयीनं नकळत आपले हात मागे घेतले. सगळ्या गावानं मिळून एका माणसाचं क्रियापद गिळलं होतं, त्यात तिचेही दोन तळहात होते. आणि ते गिळलं गेल्याची एकच खूण जगात शिल्लक होती: कागदावरची ही कोरी जागा. अडीचशे माणसांच्या गदारोळात त्या बाईला टाळ्या ऐकू आल्या नव्हत्या. तिला जे बोललं गेलं नाही ते ऐकू आलं होतं.

“म्हणजे,” भाऊ सावकाश म्हणाला, “त्यानं वचन दिलंही नाही, आणि डेपो बंद करायचं नाकारलंही नाही. त्याच्या पत्रातसुद्धा नाही. काय म्हणालो नाही ते लिहिलंय, काय म्हणालो ते नाही.”

“आता कसं नीट वाचलंस,” वन्सं म्हणाल्या.

यंत्राची घुर्र थांबली. सासूबाईंनी नळी बाजूला केली आणि दोन श्वास घेतले, निम्मे गळ्यातच अडकलेले. वन्संनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. त्यांनी त्या पानात पेन्सिल ठेवून वही मिटली आणि उभ्या राहिल्या.

“ऐका सगळे. मी आत्ता संपादकांना फोन करतेय. शनिवारी दुरुस्ती येईल, माझ्या नावानं: उमेदवार ‘बंद करून’ म्हणाले, वाक्य पुरं झालं नाही, ‘करीन’ ही माझी चूक. त्याखाली दोन बोटं जागा कोरी सोडायची, पुरं केलं तर भरायला. आणि उद्या सकाळी दहाला मी वही घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात जाणार आहे, उरलेलं वाक्य घ्यायला. आई माझ्याबरोबर येणार. आम्ही नंबर लावून बसू.”